राजाला हाकललं, मग रोममध्ये सत्ता आली कोणाच्या हातात?

प्रश्न आधी परत एकदा लिहिते, म्हणजे नंतर येऊन वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं, की इ.स.पू. 509 मध्ये रोमन लोकांनी राजाला हाकलून रिपब्लिक आणलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मग जेमतेम 15 वर्षांत निम्मं शहर उठून टेकडीवर जाऊन का बसलं? आणि कॉन्सुल, सिनेट, असेंब्ली, ट्रिब्यून यांच्यात वर कोण आणि खाली कोण याचा एखादा चार्ट मिळेल का, सिनेट म्हणजे आपली संसद समजायची का, आणि डिक्टेटर नावाचं पद त्यांनी स्वतःहून का ठेवलं होतं.

चार्ट देणार नाही, आधीच सांगते. मी कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवत आलेय आणि दरवर्षी मुलांच्या वह्यांमध्ये तोच पिरॅमिड बघते, वर दोन कॉन्सुल, मधे सिनेट, खाली जनता आणि बाण वरून खाली. पाठ करायला सोपा आहे, परीक्षेत दोन मार्कही मिळतात. पण त्यात ट्रिब्यून कुठे बसवायचा हे कोणालाच सुधरत नाही, मग त्याला बाजूला एक चौकोन काढून कोंबतात आणि त्या चौकोनातून एकही बाण निघत नाही. खरी मेख तिथेच आहे.

तुमचा खरा प्रश्न माझ्या मते "वर कोण" हा नाहीये. रोमसाठी कोणी एका बैठकीत बसून घटना लिहिली नव्हती. जुनं काही फेकायचं नाही, त्याच्या शेजारी नवीन उभं करायचं आणि मग दोघांनी आपसात काय ते बघून घ्यायचं, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे कोण कोणाला हुकूम देतो हे शोधत बसलात तर गोंधळच होणार. त्याऐवजी कोण कोणाला अडवू शकतो हे विचारलंत की सगळं भराभर सुटायला लागतं. मी वर्गात हाच एक प्रश्न फळ्यावर लिहून ठेवते.

आता एक अट. उत्तर कुठल्या वर्षाबद्दल विचारताय त्यावर बदलतं. 509 चं रोम वेगळं, 449 चं वेगळं, 367 चं वेगळं, 287 चं अजून वेगळं, आणि पुस्तकांत बऱ्याचदा शेवटचं चित्र पहिल्या वर्षाला चिकटवलेलं असतं. दुसरं म्हणजे तुम्ही लिव्ही या रोमन इतिहासकारावर किती विश्वास ठेवता त्यावरही अवलंबून आहे. लिव्हीने लिहिलं ते राजा गेल्यानंतर जवळपास 500 वर्षांनी. रोमचा पहिला इतिहासकार म्हणतात तो फेबियस पिक्टर, तोसुद्धा इ.स.पू. 200 च्या आसपासचा आणि त्याने लिहिलं ग्रीकमध्ये. मधल्या काळात गॉल लोकांनी शहर लुटलं (परंपरेने 390, ग्रीक हिशोबाने 387 च्या सुमारास) आणि त्या आगीत जुन्या नोंदी गेल्या असं लिव्ही स्वतःच आपल्या सहाव्या भागाच्या सुरुवातीला कबूल करतो. मग राजाच्या मुलाने अत्याचार केलेल्या ल्युक्रेशियाने मरताना काय म्हटलं, राजाला हाकलण्यात पुढे असलेल्या ब्रूटसने सुरी हातात घेऊन काय शपथ घेतली, ही भाषणं याला शब्दशः कुठून कळली? कुठूनच नाही. तेव्हाच्या इतिहासलेखनात भाषणं रचून घालायची पद्धतच होती, त्यात फसवणूक कोणाला वाटत नसे.

म्हणून सगळंच दंतकथा म्हणून सोडून द्यायचं का, तर तसंही नाही. मी काय करते, तर भाषणं बाजूला ठेवते आणि तीन गोष्टींवर भर देते. एक, जमिनीतून काय निघालं. दोन, पुढच्या काळात टिकून राहिलेल्या विचित्र चालीरीती. तीन, एकच गोष्ट दोन-तीनदा सांगितली असेल तर शेवटची धरायची.

जमिनीचं बघा. 1899 मध्ये जाकोमो बोनी यांना फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, काळ्या दगडी फरशीखाली एक कोरीव दगड सापडला. इ.स.पू. सहाव्या शतकातला आहे, अक्षरं बैल नांगरताना फिरतो तशी एक ओळ इकडून एक ओळ तिकडून, अर्धा तुटलेला, पण त्यात राजा या अर्थाचा शब्द स्पष्ट वाचता येतो. म्हणजे राजे होते. सात होते का, तर 753 ते 509 म्हणजे 244 वर्षं भागिले सात, सरासरी 35 वर्षं प्रत्येकी, त्यातले काही खून होऊन मेले असं तीच परंपरा सांगते, तेव्हा हिशोब बसत नाही. एक तर राजे जास्त होते नाहीतर काळ कमी होता. आणि नावांचाही घोळ आहेच. सर्वियस टुलियस हा सहावा राजा, तो रोमच्या उत्तरेकडच्या एट्रुस्कन लोकांच्या कथांमधला मास्तार्ना नावाचा लढवय्या होता असं सम्राट क्लॉडियसने इ.स. 48 मध्ये सिनेटमध्ये सांगितलं, त्या भाषणाचा ब्राँझचा पत्रा फ्रान्समध्ये ल्योंला सापडलाय. आणि व्हुल्ची इथल्या एका एट्रुस्कन थडग्याच्या भिंतीवर मास्तार्नाचं चित्र नावासकट आहे, शेजारी रोमचा कोणी टार्क्विन मारला जातोय. दोन वेगळ्या बाजूंची स्मृती अशी भेटते तेव्हा मला तरी लिव्हीच्या दहा भाषणांपेक्षा ती जास्त मोलाची वाटते.

चालीरीतींचं उदाहरण तर माझं आवडतं. राजा हाकलल्यावर राजाने करायचे धार्मिक विधी कोण करणार? देवांना तर राजाच लागतो. मग त्यांनी नावापुरता एक राजा ठेवला, रेक्स सॅक्रोरम, म्हणजे विधींचा राजा, आणि त्याला कुठलंही राजकीय पद घ्यायला बंदी केली. दरवर्षी 24 फेब्रुवारीला तो सभेच्या जागी यज्ञ करायचा आणि करून झालं की तिथून पळत सुटायचा. शेकडो वर्षं हे चाललं. असली गोष्ट कोणी नंतर बसून रचत नाही. आणि यातून रोमन स्वभाव पण कळतो, पद रद्द करायचं नाही, त्यातली हवा काढून घ्यायची.

आता 509 ला नेमकं काय बदललं ते बघू. राजाची सत्ता तशीच ठेवली, फक्त ती दोघांना, म्हणजे दोन कॉन्सुलांना, दिली आणि एका वर्षापुरती दिली. राजाच्या पुढे दांड्यांच्या मोळ्या घेऊन चालणारे 12 शिपाई असत, ते कॉन्सुलच्या पुढेही तसेच चालू लागले. पण दोघांकडे एकदम नाही हं, एक महिना याच्या पुढे, एक महिना त्याच्या पुढे, म्हणजे लोकांना दोन राजे झाल्यासारखं वाटू नये. शहरात मोळीतली कुऱ्हाड काढून ठेवायची, शहराबाहेर फौजेत परत लावायची. एक कॉन्सुल हो म्हणाला आणि दुसरा नाही म्हणाला तर नाही जिंकतं. बघा, अडवण्याची ताकद करण्याच्या ताकदीपेक्षा मोठी, हे इथूनच सुरू झालं.

(सगळं 509 या एकाच वर्षात झालं का यावर संशोधक भांडतात. मला विचाराल तर दोन कॉन्सुलांची पक्की पद्धत बसायला वेळ लागला असणार, कारण पुढे 444 ते 367 या काळात बऱ्याच वर्षी कॉन्सुलच नाहीत, त्यांच्याऐवजी कॉन्सुलचे अधिकार असलेले तीन, चार, सहा लष्करी ट्रिब्यून निवडलेले दिसतात; खाली येणारे ट्रिब्यून ते हे नव्हेत. पक्की घटना असती तर असं झालं नसतं.)

पण या सगळ्यात सामान्य माणसाला काय मिळालं? काही नाही. राजा जाऊन त्याच्या जागी काही मोजकी घराणी आली, पॅट्रिशियन. पद त्यांचं, पुरोहितपण त्यांचं, कायदा काय आहे हे माहीत असणारेही तेच. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

लिव्हीने यावर एक प्रसंग लिहिलाय. एक म्हातारा फोरममध्ये येतो, फाटके कपडे, दाढी वाढलेली, ओळखीचे लोक म्हणतात अरे हा तर सेंच्युरियन, म्हणजे फौजेतल्या तुकडीचा नायक होता. तो सांगतो, मी सॅबाइन लोकांशी लढायला गेलो होतो, मागे शत्रूने माझं पीक जाळलं, घर जाळलं, गुरं नेली, वर नेमका तेव्हाच कर बसला, कर्ज काढलं, व्याजात वाडवडिलांची जमीन गेली, मग बाकीचंही गेलं आणि शेवटी सावकाराने मलाच उचलून नेलं. मग पाठ उघडी करून चाबकाचे ताजे वळ दाखवतो. छातीवर लढाईचे व्रण, पाठीवर सावकाराचे. हा म्हातारा खरा होता का याची खात्री मी देणार नाही, प्रसंग फारच बेतलेला वाटतो, पण कर्जाचा कायदा मात्र खरा, कारण तो बारा तक्त्यांमध्ये, म्हणजे रोमच्या पहिल्या लिखित कायद्यात, आला आहे, जे 451-450 चे, आणि त्यांची वाक्यं नंतरच्या लेखकांनी उतरवून ठेवल्यामुळे आपल्यापर्यंत पोचली आहेत.

त्यात काय म्हटलंय ऐका. कर्ज कबूल झालं किंवा निकाल लागला की 30 दिवस मुदत. नाही भरलं तर सावकाराने हात टाकून धरून न्यायचं. बेड्या घालायच्या, 15 पौंडांच्या. खायला रोज एक पौंड धान्य द्यायचं, अर्थात त्याने स्वतःचं खाल्लं तर प्रश्न नाही. असं 60 दिवस ठेवायचं आणि त्या काळात लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी त्याला लोकांसमोर उभं करून कर्जाचा आकडा पुकारायचा, कोणी सोडवून नेतंय का बघायचं. कोणी आलं नाही तर टायबर नदीपलीकडे नेऊन गुलाम म्हणून विकायचं. नदीपलीकडेच का, तर स्वतःच्या शहरात रोमन नागरिक गुलाम म्हणून राहू नये म्हणून. एवढी मात्र काळजी.

आता याच माणसांना दर उन्हाळ्यात फौजेत यायचंय, स्वतःची शस्त्रं घेऊन. 494 मध्ये ते आले नाहीत. परंपरा सांगते की फौज शहरापासून तीन मैलांवर आनिओ नदीपलीकडच्या टेकडीवर जाऊन बसली. तोडफोड नाही, लूट नाही, नुसतं बसणं. आणि रोमच्या चारही बाजूंना शत्रू. संप म्हणा, काहीही म्हणा, पण पॅट्रिशियन लोकांच्या लक्षात आलं की आपण शेदोनशे घराणी नुसतं शहर राखू शकत नाही.

मेनेनियस अग्रिपाने तिथे जाऊन पोट आणि हातपायांची गोष्ट सांगितली आणि लोक परत आले असं शाळेतल्या पुस्तकात असतं. गोष्ट छान आहे. पण लोक गोष्ट ऐकून परत आले नाहीत, ते ट्रिब्यून मिळाले म्हणून आले. सुरुवातीला दोन (काही म्हणतात पाच), पुढे 457 पर्यंत दहा.

हा ट्रिब्यून नीट समजून घ्या, कारण पिरॅमिड मोडतो तो हाच. त्याच्याकडे फौज नाही, कॉन्सुलसारखा हुकूम नाही, शिपाई नाहीत, पुढे दांडे घेऊन कोणी चालत नाही. मुळात तो रोमन सरकारचा अधिकारीच नव्हता, फक्त प्लेब, म्हणजे पॅट्रिशियन नसलेल्या, लोकांनी आपल्यातून निवडलेला माणूस. त्याची ताकद एका शपथेत होती. प्लेब लोकांनी शपथ घेतली की याच्या अंगाला जो हात लावेल तो देवांच्या हवाली, त्याला कोणीही मारावं, खुनाचं पाप लागणार नाही. बस. मग कॉन्सुलचा शिपाई एखाद्याला धरून नेतोय आणि तो ओरडला की ट्रिब्यूनने यायचं आणि मधे उभं राहायचं. शिपाई त्याला ढकलू शकत नाही. म्हणून त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं असायचं आणि त्याला शहराबाहेर मुक्काम करायला मनाई. शहरापासून पहिल्या मैलाच्या पलीकडे त्याची ही ताकद चालत नसे, तिथे कॉन्सुलची कुऱ्हाड मोकळी. पुढे हेच मधे उभं राहणं वाढत वाढत कायद्याचा प्रस्ताव, निवडणूक, फौजभरती, सिनेटचा ठराव सगळं थांबवण्यापर्यंत गेलं, आणि ते दहापैकी एकाने म्हटलं तरी पुरायचं. हीच पुढे मोठी पळवाटही झाली, दहातला एक फोडला की बाकी नऊ गप्प.

इथपर्यंतचं एकदा गोळा करते. 509 ला राजाची सत्ता संपली नाही, वाटली गेली, आणि ती मूठभर घराण्यांत वाटली गेली. 494 ला बाकीच्यांनी त्या सत्तेत वाटा मिळवला नाही, तिच्यासमोर उभं राहायचा हक्क मिळवला. 451-450 ला कायदा निदान लिहून तरी मिळाला. हक्क फार मोठे नव्हते पण निदान आज एक उद्या दुसरं असं सांगता येईना.

आता एक गैरसमज, जो जवळपास प्रत्येकाचा असतो. प्लेबियन म्हणजे गरीब नाही. प्लेबियन म्हणजे जो पॅट्रिशियन नाही तो, मग त्यात कर्जबाजारी शेतकरीही आला आणि भरपूर जमीन-पैसा असलेला माणूसही आला. गरिबाला हवी होती कर्जमाफी आणि जमीन, श्रीमंत प्लेबियनला हवं होतं कॉन्सुलपद आणि मोठ्या घरची सोयरीक. बारा तक्त्यांमध्ये या दोन वर्गांत लग्नालाच बंदी घातली होती, ती 445 मध्ये उठली. गरिबाला त्या बंदीने काय फरक पडणार होता? त्याला कोण पॅट्रिशियन मुलगी देणार होतं? हे भांडण वरच्यांचंच.

पण दोघांना एकमेकांची गरज होती, आणि 367 चे लिसिनियस आणि सेक्स्टियस यांचे कायदे वाचले की हे लख्ख दिसतं. हे दोघे ट्रिब्यून होते आणि लिव्हीच्या म्हणण्याप्रमाणे दहा वर्षं परत परत निवडून येत राहिले. त्यांचं पॅकेज तीन कलमांचं: आतापर्यंत भरलेलं व्याज मुद्दलातून वजा करायचं, सरकारी जमीन एका माणसाने 500 युगेरापेक्षा जास्त धरायची नाही (आपल्या हिशोबाने साधारण 310 एकर), आणि एक कॉन्सुल प्लेबियन. लोक म्हणाले पहिली दोन द्या, तिसऱ्याचं आम्हाला काही नाही. हे दोघे म्हणाले घ्यायचं तर तिन्ही घ्या. गरिबांच्या खांद्यावर बसून वर चढायचं तर त्यांना अर्ध्या वाटेत उतरू द्यायचं नाही, साधा हिशोब. 366 ला सेक्स्टियस स्वतःच पहिला प्लेबियन कॉन्सुल झाला.

आणि लिसिनियसचं पुढे काय झालं माहितीये? काही वर्षांनी त्याच्याच कायद्याखाली त्याला दंड झाला. 1000 युगेरा जमीन होती त्याच्याकडे, म्हणून त्याने मुलाला कागदोपत्री स्वतंत्र केलं आणि 500 आपल्या, 500 त्याच्या नावावर दाखवली. सीलिंगच्या काळात आपल्याकडे कुणाकुणाच्या नावावर जमिनी चढल्या ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. मी हा किस्सा सांगितला की वर्गात शेतकऱ्यांच्या घरची मुलं सगळ्यात आधी हसतात.

आता मतदान. "जनता मत देत होती म्हणजे लोकशाही" असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, इथे जरा थांबा. कॉन्सुल निवडायची सभा म्हणजे सेंच्युरीची सभा, ती मुळात फौजेची सभा, म्हणून शहराच्या हद्दीत भरायचीच नाही, बाहेर मार्सच्या मैदानात भरायची, आणि सभा चालू असेपर्यंत नदीपलीकडच्या जानिक्युलम टेकडीवर लाल निशाण लावलेलं असायचं. निशाण उतरलं की शत्रू आला समजून सभा बरखास्त.

यात माणसागणिक मत मोजत नाहीत, गटागणिक मोजतात. एकूण 193 गट. घोडेस्वारांचे 18. पहिल्या वर्गाचे, म्हणजे ज्यांना पूर्ण चिलखत परवडतं त्यांचे, 80. मग दुसरा, तिसरा, चौथा प्रत्येकी 20, पाचवा 30, सुतार-लोहार आणि कर्णे-शिंगं वाजवणारे मिळून 4, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही अशा सगळ्यांचा मिळून एक. एक! आता बेरीज करा, 18 अधिक 80 झाले 98. बहुमताला लागतात 97. मतदान वरून खाली होतं आणि बहुमत झालं की तिथेच थांबतं. म्हणजे श्रीमंतांचं एकमत असेल तर दुसऱ्या वर्गाला विचारायचीसुद्धा गरज नाही. त्यातही प्रत्येक वर्गात निम्मे गट 46 वर्षांपुढच्यांचे, आणि म्हातारे संख्येने कमीच असणार, म्हणजे त्यांच्या एकेकाच्या मताला जास्त वजन.

मी वर्गात हे करून दाखवते. पुढच्या दोन बाकांना बरेचसे गट देते, मधल्यांना थोडे, मागच्या सगळ्या बाकांना मिळून एक, आणि उद्याचा तास रद्द करायचा का यावर मत घेते. मधल्या बाकांपर्यंत येता येता निकाल लागलेला असतो. मागची मुलं ओरडतात की मॅडम आम्हाला विचारलंच नाही. तेव्हा सांगायचं, तुमचा नंबर एकशे त्र्याण्णवावा. ही गोष्ट नंतर परीक्षेत कोणी विसरत नाही.

हे आकडे सर्वियस राजानेच ठरवले असं परंपरा म्हणते, पण इतकी बारीक रचना हळूहळूच झाली असणार. त्यामागचा विचार मात्र जुनाच, की जो स्वतःच्या खर्चाने शस्त्र आणतो त्याचा शब्द मोठा. रोमन माणसाला यात अन्याय वाटत नव्हता, उलट हीच रास्त पद्धत वाटायची.

ट्रिब्यून निवडणारी प्लेब लोकांची सभा वेगळी, तिथे गट टोळ्यांप्रमाणे, म्हणजे तुम्ही कुठल्या भागात राहता त्याप्रमाणे. ती जरा बरी, पण तिथेही शेवटी 35 टोळ्या झाल्या तेव्हा शहराच्या फक्त 4 आणि गावाकडच्या 31, म्हणजे शहरातली गर्दी चार गटांत कोंबलेली. आणि कुठल्याही सभेत मतदाराला उठून बोलायचा किंवा प्रस्तावात बदल सुचवायचा हक्क नाही. बोलावणाऱ्या अधिकाऱ्याने विचारायचं, तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं, तेही तोंडी, सगळ्यांसमोर. गुप्त मतदान सुरू झालं ते थेट 139 मध्ये. शिवाय सभेच्या दिवशी शकुन पाहायचे, आणि शकुनाधिकारी "दुसऱ्या दिवशी" एवढं म्हणाला की सगळ्यांनी घरी जायचं. अडवण्याची अजून एक जागा.

मग सिनेट. नाही, संसद नाही. सिनेटवर कोणी निवडून जात नव्हतं आणि सिनेट कायदे करत नव्हतं. परंपरेने 300 माणसं, आधी राजा मग कॉन्सुल नेमायचे, आणि इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस ओव्हिनियसच्या कायद्याने ती यादी सेन्सर, म्हणजे नागरिकांची गणती करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हातात गेली. कागदावर तिचं काम एकच, विचारलं तर सल्ला देणे. मग ती इतकी दांडगी कशी? अहो, कॉन्सुल वर्षभराचा आणि सिनेटर जन्मभराचा. कॉन्सुलला माहीत असतं की पुढच्या वर्षापासून मरेपर्यंत मला याच लोकांत बसायचंय, यांच्याच मुलीशी माझ्या मुलाचं लग्न लावायचंय, यांच्याच मुलांनी माझ्या मुलाला पदावर येऊ द्यायचंय. तो सल्ला धुडकावेल कशाला? त्यात खजिन्याची किल्ली आणि परदेशी वकिलातींशी बोलणंही हळूहळू सिनेटकडे गेलं. इ.स.पू. दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक माणसाने लिहिलं की रोममध्ये कॉन्सुल बघितले तर राजेशाही वाटते, सिनेट बघितली तर मोजक्यांची सत्ता वाटते, सभा बघितल्या तर लोकशाही वाटते, आणि तिघं एकमेकांना धरून ठेवतात. सुंदर मांडणी आहे, पण मला ती जरा जास्तच गोंडस वाटते. तो रोमच्या बड्या घरातल्या मंडळींत वावरत होता, तिथून सगळं समतोल दिसणारच.

सत्ता फक्त पदात नसते हे दाखवायला ग्नेयस फ्लेवियसचा किस्सा बेस्ट. कोर्ट कुठल्या दिवशी चालतं आणि फिर्याद कुठल्या शब्दांत मांडायची हे पुरोहितांनाच माहीत असायचं, शब्द चुकला की केस गेली. म्हणजे तक्ते लागले तरी गरिबाला विचारायला त्यांच्याच दारी जावं लागायचं. हा फ्लेवियस, एका मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा, पेशाने कारकून. 304 मध्ये तो ईडाइल, म्हणजे शहराची व्यवस्था बघणारा अधिकारी, म्हणून निवडून आला आणि त्याने पांढऱ्या फळ्यांवर कोर्टाच्या दिवसांची यादी लिहून फोरममध्ये लावून टाकली, फिर्यादीचे शब्दही जाहीर केले. खानदानी लोक इतके चिडले की अंगावरच्या सोन्याच्या अंगठ्या काढून ठेवल्या. एकदा तो आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला, तिथे बसलेली बड्या घरची पोरं मुद्दाम उठली नाहीत. याने काय करावं? आपली अधिकाराची हस्तिदंती खुर्ची मागवून घेतली आणि त्यांच्यासमोर त्यावर बसून राहिला. पुढची काही मिनिटं त्या खोलीत काय वातावरण असेल!

शेवट 287 ला. परत कर्ज, परत लोक बाहेर पडले, यावेळी जानिक्युलम टेकडीवर. हॉर्टेन्सियस डिक्टेटरने कायदा केला की प्लेब लोकांच्या सभेचा ठराव सगळ्या रोमवर बंधनकारक. आता हेच 449 ला झालं होतं असंही लिव्ही सांगतो आणि 339 ला झालं होतं असंही सांगतो. वर मी तिसरी चाळणी म्हटली ती हीच. शिक्षेविरुद्ध लोकांकडे अपील करायचा हक्कही असाच तीन वेळा दिल्याचं लिहिलंय, 509, 449 आणि 300, आणि तिन्ही वेळा व्हॅलेरियस घराण्यातल्याच माणसाने. घराण्याच्या पोथ्यांमधून इतिहासात शिरलेलं प्रकरण दिसतंय, तेव्हा मी 300 आणि 287 हीच पक्की धरते. परीक्षेसाठी लिहिताय तर तिन्ही सालं लिहा पण पक्कं कुठलं तेही लिहा. आणि 287 नंतर काय, तर गरीब सत्तेवर आला नाही. जुनी पॅट्रिशियन घराणी आणि श्रीमंत प्लेबियन घराणी यांचा मिळून एक नवा खानदानी गट तयार झाला आणि पुढची दीडशे वर्षं कॉन्सुलपद बहुतेक त्यांच्यातच फिरत राहिलं.

राहिला डिक्टेटर. एवढ्या सगळ्या अडवाअडवीत शत्रू दारात आला तर? त्यासाठी ठेवलेली ही सोय. सिनेटच्या सांगण्यावरून कॉन्सुलने एकाचं नाव घ्यायचं, 24 शिपाई, त्याला अडवणारा सहकारी कोणी नाही, आणि जास्तीत जास्त सहा महिने. सहाच का, तर साधारण तेवढाच लढाईचा मोसम असायचा. 458 मध्ये सिनसिनाटसला नांगरावरून बोलावलं, त्याने डोंगरात अडकलेली फौज सोडवली आणि सोळाव्या दिवशी पद सोडलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण तोच माणूस 439 ला परत डिक्टेटर झाला ती गोष्ट कोणी सांगत नाही. तेव्हा शत्रू बाहेरचा नव्हता. स्प्युरियस मेलियस नावाचा श्रीमंत प्लेबियन दुष्काळात गरिबांना स्वस्तात धान्य वाटत होता, आरोप असा की याला राजा व्हायचंय. डिक्टेटरच्या माणसाने त्याला फोरममध्ये ठार केलं, घर पाडून टाकलं. म्हणजे हे पद फौजेसाठी होतं तसंच गरज पडली तर शहरातल्या लोकांविरुद्धही होतं, आणि ट्रिब्यून असले तरी.

पुढच्या काळातल्या सुल्ला आणि सीझर या सेनापतींचं डिक्टेटरपद यात मिसळू नका. 202 नंतर जवळजवळ 120 वर्षं कोणी डिक्टेटर झालाच नव्हता, 82 ला सुल्लाने ते जुनं नाव काढून मुदतच उडवून टाकली. त्याबद्दल विचारायचं असेल तर वेगळा प्रश्न टाका, त्याचं उत्तर याच्याहून लांब होईल.